अकरावा प्रश्न

ज्ञानदाच्या फॉर्मवर चोवीस प्रश्न होते आणि त्यातल्या अकराव्याचं उत्तर मी खोटं दिलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी पंचकुल्याहून सेक्टर बावीसच्या बाजारात येऊन लोकर घेत होते. ज्ञानदा, माझी एकुलती एक मुलगी, न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन नावाच्या गावात राहते. ती आणि जावई अभिषेक दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेले, आणि आता तिला गरोदरपणाचा पंधरावा आठवडा लागला होता. मेंढ्यांच्या देशात इथून लोकर पाठवायची म्हणून जयंतने, माझ्या नवऱ्याने, निघतानाच 'उल्टे बांस बरेली को' ऐकवलं होतं. कर्नल निवृत्त झाला की घरात हुकूम ऐकायला कुणी उरत नाही, मग तो टोमण्यांवर भागवतो.

दुकानदार पिवळ्या लोकरीचे गुंडे पुढे टाकत होता तेवढ्यात फोन वाजला. ज्ञानदा तिच्या मिडवाइफसमोर बसून फॉर्म भरत होती. आपल्याकडे सुईण म्हटलं की डोळ्यांपुढे नऊवारीतली म्हातारी येते, पण तिकडची ही ट्रेसी चांगली पदवीधर. पहिल्या तपासणीपासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत सगळं तीच बघणार होती.

"आई, पटकन सांग," ज्ञानदा म्हणाली. "आईला किंवा बहिणीला बाळंतपणात ब्लडप्रेशर वाढणं, झटके येणं, असं काही झालं होतं का?"

"छे गं," मी म्हटलं. "काही नाही. तुझ्या वेळी तर मी संध्याकाळपर्यंत गवार निवडत बसले होते."

गवारीचं खरं होतं. म्हणून तर खोटं इतकं सहज खपलं.

ज्ञानदाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. चौतीस वर्षांपूर्वी. आम्ही तेव्हा ईशान्येकडच्या एका लहान छावणीत होतो आणि मोठं मिलिटरी हॉस्पिटल डोंगरातून चार तासांवर. जयंत सरावासाठी बाहेर गेला होता. दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं, पाय सुजून सपाता घालता येत नव्हत्या, बोटातली अंगठी रुतली होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी कुणालाही सांगितलं नाही. युनिटमधल्या बायकांचा चहाचा कार्यक्रम माझ्याकडे होता. शिवाय ऊठसूट सिक रिपोर्ट करणाऱ्याकडे फौजेत कसं बघतात ते मी नवीन नवरीच्या उत्साहाने शिकून घेतलं होतं. मी चाळीस कप चहा केला. मग स्वयंपाकघरात पडले. पुढचं मला आठवत नाही, ते लोकांनी सांगितलं. झटके आले, गाडीतून नेताना पुन्हा आले. मी वाचले. ती गेलेलीच जन्मली.

हॉस्पिटलमधून सुटून मी सासरी आले तेव्हा सासूबाईंनी, वासंतीताईंनी, मला जवळ घेतलं, आणि त्यानंतर त्या घरात कुणी त्या विषयावर ब्र काढला नाही. चार वर्षांनी ज्ञानदाच्या वेळी दिवस राहिले तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांना तेवढं सांगितलं. बाकी माझी ओटी पहिलटकरणीसारखीच भरली गेली. सासूबाईंचा एकच नियम होता: गरोदर बाईच्या कानावर अभद्र पडू द्यायचं नाही. कुणाचं बाळ गेलं, कुणाचं पोट फाडावं लागलं, असल्या गोष्टी सुरू झाल्या की त्या मला उठवून दुसऱ्या खोलीत पाठवत. मला तेव्हा फार बरं वाटायचं. त्या बाईने मला मायेनेच सांभाळलं, याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

तर लोकरीच्या दुकानात मी तोच नियम पाळला. पोरगी परमुलुखात, जवळ आयाबाया कुणी नाहीत, तिच्या मनात कशाला ते भरवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. जयंतलाही मी हे सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ज्ञानदाने तिच्या कागदाचा फोटो पाठवला. फ्रिजवर लाव म्हणाली. वर ट्रेसीचा नंबर, खाली 'कुठल्याही वेळी फोन करा' असं लिहिलेलं, आणि एका चौकोनात 'लो-रिस्क'. मी तो छापून घेऊन पंचकुल्याच्या घरी फ्रिजवर लावला. दूध काढताना तो शब्द रोज दिसायचा. पुढे त्याची सवय झाली.

जून उजाडला. आमची तिकिटं जुलैच्या चार तारखेची होती. त्या देशात बी-बियाणं नेऊ देत नाहीत, म्हणून अळीव बाद, डिंकाच्या लाडवांवर वाद चालू. आम्ही परत येईपर्यंत गाडी पडून राहणार, तेव्हा आधी तिची सर्व्हिसिंग झालीच पाहिजे, असं जयंतचं म्हणणं. त्याच्या हिशेबात मुलीचं बाळंतपण आणि गाडीचं ऑइल ही एकाच मोहिमेची दोन कामं. म्हणून त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये बसलो होतो. गाडी वर टांगलेली, बाजूला ग्राइंडर किंचाळतोय, पंख्याचा वारा गरम. ज्ञानदाचा फोन आला तेव्हा तिकडे साडेपाच वाजले होते.

"आई, ॲसिडिटीला ओवा चालेल ना?"

काय खाल्लंस, मी विचारलं. काही विशेष नाही, म्हणाली. बरगडीखाली दुखतंय, कालपासून डोकं धरलंय, स्क्रीनकडे बघून डोळ्यांपुढे चमचम होतेय. अभिषेक ऑकलंडला गेलाय, रात्री येईल. आणि मग हसत म्हणाली की हात इतके सुजलेत की अंगठी साबण लावून काढावी लागली.

ग्राइंडर चालू होता, पण मला तो ऐकू येईना. मला माझं ते स्वयंपाकघर दिसायला लागलं, ओट्यावर उपडे घातलेले कप दिसायला लागले.

मी तिला म्हटलं, ट्रेसीला फोन कर. आत्ता.

"उगाच कशाला? परवा तपासणी आहेच. संध्याकाळी त्या बाईला कुठे त्रास देऊ?" ती म्हणाली. "तूच ना म्हणायचीस, बारीकसारीक गोष्टीला सिक रिपोर्ट करायचं नाही. आणि आई, मी लो-रिस्क आहे. कागदावर लिहिलंय."

इथे मला बोलायचं होतं. तो कागद खोटा आहे, मी खोटा केलाय, एवढीच दोन वाक्यं. पण मनात आलं, पोरगी घरात एकटी, डोकं दुखतंय, अशात तिला सांगायचं की तुझ्या आईला हेच झालं आणि बाळ गेलं? धसक्यानेच काही झालं तर? मी म्हटलं, डाव्या कुशीवर पडून राहा, मी थोड्या वेळाने करते. फोन ठेवला. सव्वा अकरा झाले होते.

त्यानंतरची दहा मिनिटं मी काय केलं ते मला नेमकं सांगता येतं, कारण तेव्हापासून मी ती रोज मोजते. मी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला. भिंतीवर लटकवलेले पाने लहानाकडून मोठ्याकडे मोजले, सतरा होते. मनात वाक्यं जुळवली. 'घाबरू नकोस, पण' असं सुरू करावं की 'तुला एक सांगायचं राहिलं' असं? जयंत मेकॅनिकशी एसीच्या फिल्टरवरून हुज्जत घालत होता. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण मग तो अकरावा प्रश्नही सांगावा लागला असता. मी भित्री आहे. आयुष्यभर लोकांनी मला खमकी म्हटलं, पण त्या दहा मिनिटांत मी काय आहे ते मला कळलं.

मग मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, तिने उचलला नाही.

झोप लागली असेल. पुन्हा लावला. बाथरूमला गेली असेल. पुन्हा. चौथ्यांदाही तेच. अभिषेकला लावला. तो म्हणाला, आत्ताच निघतो, पण दीड तासाचा रस्ता आहे. आई, काय झालंय नक्की? मी त्यालाही सांगितलं नाही. गाडी सावकाश चालव म्हटलं.

फ्रिजवरच्या त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी गेटबाहेर बहाव्याखाली गेले. तिथेही आवाज येतच होता. एक कान दाबून मी ट्रेसीचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला तिने. मी कोण ते सांगितलं, लक्षणं सांगितली, फोन उचलत नाही सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, छावणीतल्या मेजवान्यांमध्ये घासूनपुसून झालेलं आहे, पण त्या दिवशी मी शब्दांसाठी चाचपडत होते.

ती शांतपणे म्हणाली की मी निघते, पण मला एक सांगा, तिच्या कागदावर घरात कुणाला असा त्रास नव्हता असं लिहिलंय.

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मला झाला होता. झटके आले होते. मी तिला कधी सांगितलं नाही."

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ट्रेसी कुणाशी तरी बोलली, ॲम्ब्युलन्सला पत्ता दिला. मग पुन्हा माझ्याकडे आली. गर्भारपणं किती झाली तुमची?

ज्ञानदा झाल्यापासून असल्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं, एक. शेजारणींना, बँकेत, पासपोर्टच्या ऑफिसात.

"दोन," मी म्हटलं.

पहिल्या वेळी झटके आले तेव्हा कितवा आठवडा होता? मला आठवेना. आठवा महिना लागत होता एवढंच माहीत, आठवडे कुठे मोजत होतो आम्ही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"थर्टी-वन वीक्स. फोर डेज."

जयंत होता. हातात गाडीचा कागद होता, मला फिल्टरचं विचारायला आला असावा. परेडवर बोलावं तसं खणखणीत बोलला, पण चेहरा पांढरा पडला होता. चौतीस वर्षांत तो या विषयावर एक शब्द बोलला नव्हता आणि त्याला दिवससुद्धा पाठ होते.

ट्रेसीने शेवटचं विचारलं. जिवंत मुलं किती?

"एक," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की ती एक फोन उचलत नाहीये.

त्यानंतर वाट बघणं. जयंतने मला धरून आत आणून बसवलं. वर्कशॉपचे मालक सरदारजी पाणी घेऊन आले. सब ठीक है जी, त्यांनी विचारलं. जयंतने सांगितलं, बेटी बाहर है, बच्चा होने वाला है, तबियत खराब है. ते वळले आणि सगळ्या मशीन बंद करायला सांगितल्या. ग्राइंडर थांबला, कॉम्प्रेसर थांबला. माणसं काम सोडून उभी राहिली. त्यांनी भलं केलं, पण त्या शांततेने माझी आणखीच पाचावर धारण बसली. आवाज होता तोवर जगात काहीतरी चालू होतं.

मला दोन्हीकडून भीती वाटत होती. आधी सांगितलं नाही म्हणून पोरीचा जीव जाईल ही एक. आणि दुसरी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अभद्र बोलू नये ते मी आज भर रस्त्यात मोठ्याने बोलले, आता ते खरं होणार. शिकलेली बाई आहे मी, पण तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी वासंतीताईंची मनातल्या मनात माफी मागत होते.

जयंत शेजारी बसला होता. माझं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं; फॉर्मवर तू काय लिहायला लावलंस, असं त्याने एकदा विचारलं. मी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हातातला गाडीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

एक वाजून दहा मिनिटांनी अभिषेकचा फोन आला. तो हॉस्पिटलमध्ये होता. ट्रेसी बारा मिनिटांत घरी पोचली, मागचं दार उघडं होतं. ज्ञानदा बाथरूमच्या फरशीवर पडलेली होती. एक झटका येऊन गेला होता, दुसरा ॲम्ब्युलन्समध्ये आला. लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, एक किलो आठशे, काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास घेतेय.

"आणि ज्ञानदा?" जयंतने विचारलं.

अजून शुद्धीवर नाही आली, अभिषेक म्हणाला.

ती दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळी नवाला शुद्धीवर आली. मधले तास मी कसे काढले ते मी कुणालाच सांगणार नाही, तेवढी एक गोष्ट झाकलेली राहू दे. तिकिटं पुढच्या आठवड्याची करून घेतली. पिवळं स्वेटर फार मोठं झालं होतं, एक किलो आठशेच्या बाळाला ते पांघरूण म्हणून घालावं लागलं असतं. मी ते उसवून पुन्हा विणायला घेतलं. हाताला काम हवं होतं.

चौथ्या दिवशी ज्ञानदाने व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे दुपारचे दोन, बाहेर ऊन रणरणत होतं, मी खोलीत पडदे लावले होते. जयंत माझ्या मागे उभा राहिला. तिचा चेहरा सुजलेला होता आणि ओठ चावल्याची जखम होती. आधी तिने बाळ दाखवलं, नळ्यांमधलं, मुठीएवढं तोंड. मी बरंच काही बोलले, नाक कुणासारखं वगैरे. ती ऐकत राहिली.

"ट्रेसीने सांगितलं मला," ती मग म्हणाली. "पावणेसहाला आपला फोन संपला. तिला तुझा फोन सहा वाजून पाच मिनिटांनी गेला. वीस मिनिटं, आई. काय करत होतीस?"

"दहा मिनिटं तुला फोन लावत होते."

"आणि आधीची दहा?"

उत्तर जुळवून सांगणं मला येतं, आयुष्यभर तेच केलं. त्या दिवशी नाही जमलं.

"घाबरत होते."

"कशाला?"

"तू घाबरशील म्हणून."

मी मान खाली घातली. साठीच्या बाईने पोटच्या पोरीसमोर मान खाली घालावी, असा प्रसंग मी स्वतःवर आणला होता.

"मी एकटी पडले होते तिथे," ती म्हणाली. "हात हलत नव्हता. मला वाटलं हे जगात फक्त मलाच होतंय."

चहाचे चाळीस कप केल्यावर मलाही तेच वाटलं होतं.

मग तिने विचारलं, माझ्या बहिणीचं नाव काय ठेवलं होतंत?

"ठेवलं नव्हतं गं," मी म्हटलं. "नाव ठेवायला वेळ कुठे मिळाला."

"ठेवलं होतं," मागून जयंत म्हणाला.

मी वळून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, फोनकडे बघत होता.

"तू बेशुद्ध होतीस. पुरायच्या आधी युनिटच्या पंडितजींनी नाव विचारलं. मी रेवा सांगितलं."

चौतीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो म्हटलं तरी चालेल, आणि माझ्या मुलीचं नाव मला त्या दिवशी पंचकुल्याच्या खोलीत कळलं. का नाही सांगितलंस, मी त्याला विचारणार होते. मग लक्षात आलं, मी घाबरेन म्हणून.

फोनमध्ये ज्ञानदाने हात लांबवून काचेच्या पेटीवर ठेवला. बाळाला अजून नाव नव्हतं. हे नाव ठेवू नका एवढं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी ते गिळलं.

"अजून काय काय आहे जे मला माहीत नाही?" तिने विचारलं. "सगळं सांग. हिच्या फॉर्मवर मला काही खोटं लिहायचं नाहीये."

मी लोकर बाजूला ठेवली. जयंत खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. आणि मी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, त्या दोन दिवसांच्या डोकेदुखीपासून.